फुआचे रोजचे उपास

गंगाखेडात आम्ही 'भैय्ये' होतो आणि उत्तर प्रदेशात देवरियाकडच्या आमच्या गावात 'बंबईवाले'. मुंबई आमच्यातल्या एकानंही पाहिलेली नव्हती. वडील साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे उकळत्या रसाकडं नुसतं बघून त्यात साखर कधी धरते ते ओळखणारा माणूस. आधी ते एकटेच हंगामापुरते यायचे आणि पावसाळ्यात परत जायचे. मी दोन वर्षांची असताना त्यांनी आईला आणि मला सोबत आणलं, गंगाखेडातच भाड्यानं घर घेतलं, आणि मग परत जायचं राहूनच गेलं.

वडिलांची मराठी कारखान्यात शिकलेली, त्यामुळं तिच्यातले निम्मे शब्द घरात चालत नसत. उरलेल्या निम्म्यांचेही घोटाळे व्हायचे. एकदा शाळेत येऊन त्यांनी हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "पोरीला चांगली शिक्षा द्या. काही कमी पडू देऊ नका." त्यांना शिक्षण म्हणायचं होतं. हेडमास्तर माझ्याकडं बघतच राहिले. गणिताच्या सरांनी मात्र ती विनंती वर्षभर मनावर घेतली.

आईला मराठी समजायची, पण बोलायची लाज वाटायची. म्हणून दूधवाला, दवाखाना, शाळा, शेजार, सगळीकडं दुभाषी मी. सहावीतल्या पोरीच्या हातात एवढी सत्ता कुणी देऊ नये. मी मधल्यामधे कापायचे, पदरचं घालायचे, आणि दोन्हीकडच्यांना वाटायचं की समोरचं माणूस स्वभावानं फारच गोड आहे.

त्या वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटला, हंगाम सुरू झाला, आणि आठवड्यात फुआ आली. फुआ म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. नवरा वारलेला, मुलं मोठी झालेली, गालात कायम तंबाखू. भावाची पोर हातची गेली असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, आणि ती तपासणीला आली होती. मी दारातच तिला विचारलं, "फुआ, पानी होना क्या तुमको?" आमच्या गल्लीत हीच हिंदी चालायची, निजामाच्या काळापासून. फुआनं पिशवी खाली ठेवली आणि आईला विचारलं, "ई कवन देस के बोली ह?" ही कुठल्या देशाची बोली? आई म्हणाली, गंगाखेडची. फुआला हा देश ठाऊक नव्हता.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. मुलगा पुण्यात होता. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. फुआला हे ऐकूनच धक्का बसला, कारण तिच्या मुलखात बाई म्हणजे लग्नात नाचायला आणतात ती. भल्या शिक्षिकेला तुम्ही लोक असं म्हणता? ते मी कसंतरी समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घरांमधल्या बुटक्या भिंतीपलीकडून बाईंनी विचारलं, "पाहुण्या कधी आल्या गं?"

फुआ मला म्हणाली, "पूछ त, कवन जात ह?"

"काय म्हणायल्यात?" बाईंनी विचारलं.

"तुमची तब्येत कशी हाय म्हणायल्यात."

"बरी हाय म्हणाव."

मी फुआला सांगितलं, "बौद्ध हैं." त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. बाईंच्या बैठकीत बुद्धाची पांढरी मूर्ती होती, मी रोज तिच्याजवळ बसून गृहपाठ करायचे. फुआ म्हणाली, "बुध? ऊ बुधवार वाला?" मग आईनं तिला आत नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्या दुपारी फुआनं आपली खाट भिंतीपासून उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली.

संध्याकाळी बाईंनी भिंतीवरून चहा दिला. फुआनं हात जोडले आणि कप तसाच राहू दिला.

"का गं, चहा पीत न्हाईत?"

"त्यांचा उपास हाय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोहे आले. परत उपास. तिसऱ्या दिवशी वरणफळं आली आणि मला दुसरं काही सुचलं नाही. बाई हैराण झाल्या. "रोजच उपास? या वयात? मरंल की ती बया!" आणि चौथ्या दिवशी त्यांनी भलामोठा डबा भरून साबुदाण्याची खिचडी पाठवली. खरं तर बाईंच्या घरात उपासतापास कुणीच करायचं नाही. एकादशीला शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका डबे आणायच्या, त्यातून त्या शिकल्या होत्या. "उपास नसला म्हणून काय झालं? उपासाचं खायला कोण न्हाई म्हणंल?"

डबा घरात आणताना मी फुआला सांगितलं, देवळाजवळच्या हॉटेलातून आणलाय. हॉटेलवाला कोण? पंडित, मी म्हणाले. आईनं ऐकलं आणि भाजी चिरत राहिली. फुआनं एक घास खाल्ला. तिच्याकडं खिचडी म्हणजे डाळ-तांदूळ. हे पांढरे मोती, शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची तिनं जन्मात पाहिली नव्हती. मग डबा रिकामा होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

हे वीसेक दिवस चाललं. बाई पाठवायच्या, कधी खिचडी, कधी भगर, कधी रताळ्याचा कीस. फुआ सकाळी पोटभर रोटी खायची, दुपारी उपासाचं खायची आणि संध्याकाळी परत रोटी. बाई भिंतीवरून तिच्याकडं बघत मला म्हणाल्या, "एवढे उपास करून अंग भरायलंय की गं तिचं. देवाची कमालच हाय."

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी अंगणात बसले होते. फुआ खाटेवर रोटी खात होती, वर कच्चा कांदा. तेवढ्यात वाऱ्यासोबत जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. वास ओळखीचा होता. फुआ रोटी हातात घेऊन उठली आणि वासामागं चालत भिंतीपर्यंत गेली. पलीकडं ओट्यावर बाई आमचा रोजचा डबा भरत होत्या. बाईंनी वर पाहिलं. त्यांना दिसली रोज उपास करणारी पाहुणी, एका हातात रोटी, दुसऱ्या हातात कांदा. फुआला दिसला पंडिताचा डबा.

दोघी एकाच वेळी माझ्याकडं वळल्या. पळायला जागा नव्हती.

पोरगी खोटं बोलते तेव्हा तिचं तोंड कसं होतं, हे बघण्यात बाईंचा सगळा जन्म गेला होता. त्यांना काही विचारावंच लागलं नाही. त्यांनी डबा भिंतीवर ठेवला आणि म्हणाल्या, "इकडं ये. आता मी बोलते ते शब्द न् शब्द सांगायचं. एक शब्द जरी गाळलास तर कान उपटीन."

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"सांग तिला, उपास कशाचा होता ते मला समजलं."

मी सांगितलं.

"सांग, मी पहिल्या साळंत रुजू झाले तवा माझ्यासाठी पाण्याचा माठ वेगळा ठेवला होता. तो मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर फोडला."

"उनका मटका अलग रखे थे," मी म्हणाले. "उनोने फोड़ दिए." बाईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या माठातलं पाणी रोज प्यायचे, कधी विचारलंही नव्हतं.

"आता विचार, वीस दिवस माझ्या हातचं खाल्लं. काय झालं तिला?"

फुआनं हातातल्या कांद्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नून कम रहे."

मी बाईंकडं पाहिलं. तोंडावर आलं होतं की 'माफ करा म्हणायल्यात'. पण कान माझे होते. "त्या म्हणायल्यात," मी डोळे मिटून सांगितलं, "मीठ कमी होतं."

बाईंचं तोंड लाल झालं. "मला बीपी हाय, म्हणून मी बेतानं घालते. ज्यादा पाहिजे तर म्हणाव, सोता येऊन घाल. माझ्या सैपाकघरात येऊन." आणि भिंतीवरचा डबा उचलून त्या आत निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस घरात फुआ एकटीच बडबडत होती. धरम भ्रष्ट झाला, पोरगी डाकू निघाली, असल्या मुलखात माणूस राहतं का. वडील रात्रपाळी करून आलेले, त्यांनी तोंडावर चादर ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं. मला ती म्हणाली, तुझ्या जिभेला किडे पडतील. मी रोज आरशात जीभ बघायचे. आईनं लग्न झाल्यापासून नणंदेला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कणीक मळता मळता, डोक्यावरचा पदर न हलवता तिनं विचारलं, "बभनटोली से चप्पल हाथ में लेके के गुजरत रहे, दीदी? हमनिये नू?"

गावाकडच्या ब्राह्मणवस्तीतून जाताना चपला काढून हातात घेणारी माणसं आम्हीच होतो ना, असं तिनं विचारलं होतं. मला हे माहीतच नव्हतं. फुआनं तंबाखू थुंकली आणि त्या रात्री ती लवकर झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं धुतलेली साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल." बाईंच्या उंबऱ्याशी ती थांबली. मला वाटलं, आता परत फिरते. पण तिनं दारातूनच मोठ्यानं जाहीर केलं, "फलाहार में छूत ना लागे."

"काय म्हणायलीय?"

"उपासाच्या खाण्याला विटाळ लागत नाही म्हणायल्यात."

"हे कोणत्या पोथीत लिवलंय विचार."

फुआ म्हणाली, "हम कहत बानी." मी सांगतेय म्हणून.

बाईंनी चष्म्यातून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस म्हणाव," त्या म्हणाल्या, आणि स्टुलाकडं बोट केलं. फुआनं खिचडीत स्वतःच्या हातानं मीठ टाकलं, आणि रागारागात फार टाकलं. दोघींनी ती खारट खिचडी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. कुणी 'खारट झालीय' म्हणायला तयार नव्हतं. मलाही वाढली होती, मी दोन तांबे पाणी प्यायले.

पुढं फुआ रोजच तिकडं जाऊन बसायला लागली आणि माझं काम कमी होत गेलं. फुआ 'लय' आणि 'न्हाई' म्हणायला शिकली, बाई प्रत्येक वाक्याला उगाच फुआचं 'बा', म्हणजे 'आहे', जोडायला लागल्या, आणि दोघी तासन् तास भांडायच्या: सुना, गुडघे, पुण्याचा मुलगा, देवरियाची थंडी. कुणाला काय समजायचं देव जाणे. मी मधे तोंड घातलं की दोघी एकदमच म्हणायच्या, गप बस.

पण सगळंच काही गोड झालं नाही. फुआनं स्वतःचा नियम मोडला नाही. साबुदाणा, भगर, रताळं, एवढंच. एकदा बाईंनी मुद्दाम तिच्या ताटलीत ज्वारीची भाकरी वाढली. फुआनं ती बाजूला सरकवली, बाईंनी ताटली उचलली, आणि त्या दिवशी दोघी भांडल्याही नाहीत.

मार्चमध्ये फुआ गेली. बाई स्टेशनवर आल्या नाहीत. मी का म्हणून विचारलं तर त्या माझ्या वह्या आवरत म्हणाल्या, "पहिल्याच भेटीत तिनं जात विचारली ना गं? मला काय समजलं न्हाई वाटतं? जात शब्द मराठीतबी हाय. पण चार महिन्यांत माझं नाव एकदाबी विचारलं न्हाई."

पुढच्या आठवड्यात फुआचा फोन आला. मी तिला बाईंचं बोलणं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग ती म्हणाली, "नाँव बताव."

मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकीचं. मी दुरुस्त केलं तर चिडली, आणि मग विचारलं की तुमच्याकडं साबुदाणा रात्रभर भिजवतात की नुसता धुऊन ठेवतात.