जीप भरल्यावर सुटते

आमच्या सुरगाण्याकडे जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. एवढ्या एका गोष्टीने माझी नोकरी जवळजवळ घालवली होती.

मी आठवीत शाळा सोडलेली. घर लांब राहिलं. नाशिकला मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटता लाटता बाहेरून दहावी झाले आणि दोन हजार सालानंतर कधीतरी परिचर भरतीचा फॉर्म भरला. वयाची अट पुढच्या वर्षी संपणार होती, म्हणजे संधी ही एकच. गणित जमायचं. अडायचं ते 'गृहीतक ओळखा' इथे. सटाण्याची एक मुलगी बँकेच्या परीक्षांची तयारी करायची. ती ओट्याशी बसून मला प्रश्न वाचून दाखवायची.

"विधान : गाडी सातला सुटते, म्हणून पावणेसातला स्टँडवर पोच. गृहीतक : गाडी वेळेवर सुटते. धरलंय की नाही?"

"नाही."

"ताई, चूक!"

"अगं, भरल्याशिवाय सुटेल कशी? ड्रायव्हर काय येडा हाय?"

ती इतकी हसली, की तिच्याकडे बघता बघता माझी तव्यावरची पोळी करपली. मग डोळे पुसत म्हणाली, "तुमचं मत कोण विचारतंय? सांगणाऱ्यानं मनात काय धरलंय ते शोधा. वाक्य उलटं करून बघा. गाडी वेळेवर सुटत नाही म्हटलं, तर पावणेसातला पोच म्हणण्यात काही अर्थ राहतो?"

"नाय राहत."

"मग तेच गृहीतक. सोपं शे!" ती तिच्या अहिराणीत म्हणाली.

त्या हसण्याचे उपकार मी विसरले नाही. दिसेल ते वाक्य उलटं करू लागले. जेवणघरात पाटी होती : 'जेवण साडेआठला मिळेल.' गृहीतक? पोळीवाल्या बाई आजारी पडणार नाहीत. मला बरं वाटलं. न लिहिताही मी त्या पाटीवर होते.

परीक्षेच्या दिवशी सातच्या बससाठी धास्तीने साडेपाचलाच स्टँड गाठला. सातच्या ठोक्याला बस सुटली. अर्धी रिकामी! मी कंडक्टरला विचारलंसुद्धा, "खरंच निघाली का?"

पेपरात गृहीतकाचा प्रश्न आला की आधी मनातली जीप बाजूला लावायची, मग उत्तर.

यादीत नाव लागलं, तेव्हा पहिलं तिला सांगितलं. तिने किंचाळून मिठी मारली आणि तिची नजर जेवणघरातल्या पाटीवर गेली.

"ताई, मग साडेआठचं जेवण?"

"बघ आता," मी म्हटलं, "उलटं करून."