इवाओ खाली बसला नाही

इवाओ मुळातच तापट. समुद्रात माकूळ पकडण्यात जन्म गेला, सत्तरी उलटली, तरी आमच्या बंदरात त्याच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

त्या वसंतात उत्तर कोरियाने डागलेलं क्षेपणास्त्र आमच्या समुद्रात पडलं. इवाओची बोट त्याच बाजूला होती. वायरलेसवर इशारा आला, तोवर ते पडूनही गेलं होतं. बोट धक्क्याला लागताच पश्चिमेकडे तोंड करून तो ओरडला, "मेल्यांनो, तुमच्या बापाचा समुद्र आहे काय?"

मग नगरपालिकेने क्षेपणास्त्रापासून बचावाचा सराव ठेवला. भोंगा वाजला की शाळेच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. आम्ही सगळे बसलो. इवाओ उभाच.

"आजोबा, बसा ना," पालिकेचा नाकाइ म्हणाला.

"बसतो की. पण बोटीवर कशाखाली बसू? बर्फाच्या खोक्याखाली?"

"त्याबद्दल वरून काही सूचना नाही आली."

"मग त्या वरच्यांना बोलाव इथे डोकं झाकायला!"

"अहो, लोक बघताहेत," बायको सुमिए खालूनच त्याची बाही ओढत म्हणाली.

ही गोष्ट निवडणुकीला उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या कानावर गेली. त्याने मासळी बाजारासमोरच्या सभेत इवाओला मंचावर चढवलं. "लढाई नाकारणारं हे शांततेचं संविधान कवटाळून किती दिवस मार खायचा? त्यांचे तळ आपणच आधी उडवू! विचारा या मच्छीमाराला!"

इवाओने माइक हिसकावला. "मी तान्हा होतो. असलीच भाषणं ऐकवून माझ्या बापाला लढाईवर धाडलं. परत आली लाकडी पेटी. आत अस्थींऐवजी एक खडा. आईने तो खडा पुरला. ते पलीकडचे हरामखोर आहेतच. पण माझा राग मी तुला मतं मागायला देणार नाही!"

"मग करायचं काय, ते तरी सांग!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मला काय ठाऊक! ठाऊक असतं तर गळ टाकत बसलो असतो का?"

माइक आपटून तो उतरला. टाळी एकही पडली नाही. उमेदवार निवडून आला. आमच्या बंदरातूनही त्याला भरपूर मतं पडली.

पुढच्या सरावाला सुमिए एकटीच आली.

"इवाओ कुठाय?" मी विचारलं.

"समुद्रावर."

"एवढ्या वाऱ्यात?"

"घरी थांबले तर भांडी फोडतील," ती म्हणाली. मग भोंगा वाजला आणि तिने डोकं झाकून घेतलं.