वन्संची मिठाची गुळणी

माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, बसस्थानकावर घोषणा करतात. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं गावाला त्यांच्या आवाजात कळतं. स्थानकावरचे लोक त्यांना पाठीमागे भोंगा म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून थोडं आवडतंही. घरी आल्यावर भोंगा बंद होत असेल अशी लग्नाआधी माझी भाबडी समजूत होती. स्थानकावर निदान दोन गाड्यांच्या मध्ये तरी त्या थांबतात. घरी गाड्याच नाहीत, त्यामुळे तीही सोय नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरचा माणूस फळ्यावरची बारीक अक्षरं वाचेपर्यंत गप्प उभं राहायचं, हेच माझं काम. म्हणूनच आमचं दोघींचं जमतं. माझा नवरा जेवताना आमच्या मध्ये बसतो आणि कोणाच्याच अध्यातमध्यात पडत नाही.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तान्ही असताना ती लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत पडून असायची, म्हणून वन्संनी तिला ठकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. माझं दुकान सकाळचं, वन्संची पाळी दुपारपासून दिवेलागणीपर्यंतची, त्यामुळे ठकी सकाळभर आत्याच्या ताब्यात. ठकीला काय हवंय ते ओळखण्यात वन्संचा हात कोणी धरणार नाही. भुवई वर गेली की पाणी. ओठ मुडपले की भाजी तिखट झालीय. गालावर बोट ठेवलं की झोप आलीय, पण कबूल करायचं नाहीये. ठकीने भुवई उचलायची आणि वन्संनी घरभर जाहीर करायचं की ठकीला पाणी हवंय. ही व्यवस्था आमच्या इतकी अंगवळणी पडली की पोर स्वतः किती बोलते हे कोणी बघितलंच नाही. अगदीच बोलायची नाही असं नव्हतं. टेबलाखाली बसून खेळण्यांशी काहीबाही पुटपुटायची. आपण वाकून पाहिलं की गप्प.

मग बालवर्गात नाव घालायची वेळ आली. तिथल्या बाईंनी तिला जवळ घेतलं, गोड बोलून पाहिलं, रंगीत खडू दिले. ठकी खिशात खडू घालून मूग गिळून बसली. बाई म्हणाल्या की एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवून या. बोलण्यात अडचण असेल तर आधी उपचार होऊ देत, शाळा पुढच्या वर्षी. नसेल तर येऊ दे तिला याच वर्षी. बाईंचं काही चुकलं नव्हतं. शाळा वर्षभर लांबली असती तरी आभाळ कोसळणार नव्हतं. माझी भीती वेगळी होती. ही बोलत नाही, की हिला बोलताच येत नाही? मी हिची आई, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

थेरपिस्ट मॅडमची खोली छान होती. बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, जाड गालिचा, लाकडी जनावरांची टोपली. एका भिंतीला काच होती आणि काचेमागे पालकांनी बसायची छोटी खोली. ठकीने आत्याचं बोट सोडलं नाही, त्यामुळे आत वन्सं गेल्या. बुटक्या खुर्चीत बसल्यावर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. मॅडमनी ठकीसमोर चेंडू धरून विचारलं, हे काय आहे? वन्सं म्हणाल्या, चेंडू. कुठल्या रंगाचा? लाल. मॅडमनी कुत्र्याचं चित्र काढलं. वन्संनी कुत्रा तर सांगितलाच, वर तो पाळलेला नसावा असंही मत दिलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आत्याबाईंचे उच्चार उत्तम आहेत. आता भाचीचे ऐकूया का?"

वन्सं लाजल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि पुढचं उत्तर हाताआडून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्या दिवशी ठकीच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

निघताना मॅडमनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात प्रश्न नकोत, नुसता खेळ. आत्याने तिच्याशी नेहमीसारखं खेळायचं, मॅडम कोपऱ्यात आपलं काम करत बसणार. अट एकच, आत्याने बोलायचं नाही. ठकी तोंडाने मागेपर्यंत तिला काय हवंय ते आपल्याला कळलंच नाही असं वागायचं.

"आणि कळलं तर?" वन्संनी विचारलं.

"कळलं तरी."

त्या आठवड्यात वन्संनी घरी मौनाचा सराव केला. तो बघायला नवरा कामावरून लवकर येऊ लागला आणि त्यांना मुद्दाम प्रश्न विचारू लागला. एकदा दूध उतू जाताना वन्संना दिसलं. त्यांनी बोट दाखवलं, पाय आपटले, डोळे मोठे केले. आमच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत अर्धं दूध ओट्यावर होतं. नवरा म्हणाला, ताईचं मौन आपल्याला परवडायचं नाही.

ठरल्या दिवशी मी काचेमागे बसले. आतला आवाज मला छोट्या स्पीकरवर ऐकू येत होता. मॅडम कोपऱ्यात पाठमोऱ्या बसून कागद लावत होत्या. वन्संनी मिठाची गुळणी धरली होती आणि ती धरताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ठकीला टोपलीत एक बस सापडली. तिने हत्तीला बसवलं, सशाला बसवलं, दोन कोंबड्या कोंबल्या. मग हात बाजूला घेतला आणि आत्याकडे बघत राहिली, कारण घरच्या खेळात घोषणेशिवाय गाडी सुटत नाही.

घोषणा होईना. ठकीने वाट पाहिली. शेवटी तिने बसच्या टपावर दोनदा टिचकी मारली, अगदी वन्सं माइकवर मारतात तशी, घसा खाकरला आणि म्हणाली, "प्लवाशांनी क्लुपया इकडे लक्ष द्यावं. गाडीला उशील झाला आहे. होणाल्या गैलसोयीबद्दल आम्ही दिलगील आहोत."

जिने जन्मात पाणी मागितलं नव्हतं ती पोर दिलगिरी व्यक्त करत होती. मी खुर्चीतून उठलेच. वाटलं, झालं, सुटलो. पण मॅडम वळल्या नाहीत, त्यांनी कागदावर फक्त एक खूण केली. पाठ केलेलं बोलणं ऐकून उच्चार कळतात, असं त्यांनी मला नंतर समजावलं. मुलीचं स्वतःचं वाक्य त्यांना अजून मिळालं नव्हतं.

गाडी सुटली, गालिच्याच्या टोकापर्यंत गेली, आणि ठकी थबकली. गाय मागे राहिली होती. ती वन्संच्या खुर्चीखाली, त्यांच्या टाचेमागे आडवी पडली होती. ठकीने आत्याकडे पाहिलं आणि दोन्ही भुवया वर केल्या. आमच्या घरी एवढ्यावर अख्खा डेपो थांबला असता.

वन्संना कळलं. त्यांना कळल्याचं मला काचेतून दिसलं. आणि वन्सं छताकडे बघू लागल्या.

ठकीने त्यांची बाही ओढली. भुवया आणखी वर केल्या. वन्संनी खांदे उडवले. ठकीची हनुवटी थरथरायला लागली, वन्संचे डोळे भरले, आणि मला वाटलं, जाऊ दे ती परीक्षा, बोला हो वन्सं. त्या बोलल्या असत्या तर मी त्यांना एका शब्दाने दोष दिला नसता.

"आत्या, गाय लाहिली," ठकी म्हणाली.

वन्सं गप्प.

"तुझ्या खुल्चीखाली आहे. तिला पण जायचंय. तिला चढायला मदत कल ना."

कोपऱ्यात मॅडमचं पेन धावू लागलं. वन्सं गालिच्यावर बसल्या, गायीला उचललं आणि बसमध्ये जागा नव्हती म्हणून टपावर चढवलं. त्यावर ठकीने त्यांना चांगलं ऐकवलं, की गायी टपावल बसत नाहीत, पडतील.

मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं की शब्द आहेत, वाक्यं वयाप्रमाणे आहेत, र अजून यायचाय आणि तो येईल. मुलगी बुजरी आहे. वर्गात तिला उभं करून प्रश्न विचारू नका, रुळू द्या, असं मॅडम बालवर्गाच्या बाईंना कळवणार होत्या. आणि घरच्यांनी वाट बघायला शिका, म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. मी तिथेच भरल्या डोळ्यांनी त्यांचा हात धरला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

वन्सं बाहेर नळावर तोंड धूत होत्या.

"पहिल्या भुवईलाच कळलं होतं गं मला," त्या म्हणाल्या. "आणि मी तिच्यासमोर छताकडे बघत बसले."

मी म्हटलं, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत.

"ते मलाही कळतंय. पण तिला काय वाटलं असेल? आत्याला आता माझं काही पडलेलं नाही, हेच ना?"

वन्सं परत येताना रस्ताभर बोलल्या नाहीत, आणि या वेळी ती सरावाची गोष्ट नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर नवऱ्याने विचारलं, काय झालं आज? वन्संनी सवयीने तोंड उघडलं, ठकीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. आम्ही तिघं थांबलो. भाजी निवत होती. ठकीने घास चावला, गिळला, आणि आपला हात आत्याच्या हातावर ठेवला.

"बाबा, आज आत्याला बोलताच येत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी बोलले."