दोन दारांचं रान

२०१९ साल. मला एकाहत्तर सरून बहात्तरावं लागलं होतं. टेम्पोत सामान भरून झालं तेव्हा सून रुक्मिण म्हणाली, आबा, ते बिंदगं राहू द्या, रस्त्यात फुटंल. येळवशीच्या सणाला आंबील न्यायचं मातीचं बिंदगं ते. मी मांडीवर घेतलं आन ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. अंबाजोगाईकडून लिंबागणेशापर्यंत दोन्ही हातांनी धरून आणलं. मागं वळून बघितलं न्हाई. बघायला होतं काय? घर राहिलं होतं, रान तलावात गेलतं.

त्या तलावानं उठवलेल्या समद्यांसाठी हे लिहितोय. गावात राहिलात त्यांना, लातूर-पुण्याला गेलात त्यांनाबी. माझी शाळा चौथीत सुटली. चुका काढू नका, चुका काढायला घरात एक हाय, तेवढा पुरे.

तो म्हणजे माझा पोरगा, भागवत. त्यानं लिंबागणेशाच्या अलीकडं रान घेतलं आन त्यात दहा गुंठ्यांवर पॉलीहाऊस उभं केलं. वर प्लास्टिक, बाजूला जाळी. आत माती न्हाईच. नारळाच्या भुश्यानं भरलेल्या पिशव्या, त्यात टोमॅटोची झाडं. चेरी टोमॅटो म्हणतात, त्यातलीबी बुटकी जात. झाड गुडघ्याएवढं, फळ बोराएवढं. आपल्या रानात मी बांबू आन तारेवर टोमॅटो डोक्याच्या वर नेलता, लोकं बघायला यायचे. इथं पानाच्या बगलंत आलेली फूट खुडायला वाकलो की भागवत म्हणायचा, आबा, हात लावू नका, ह्या जातीत खुडत न्हाईत. पाणी नळीनं, खतबी नळीनं. मग मी काय करायचं? भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत फळं भरायची. शहरातल्या हाटेलात जातात म्हणे. वरणात टाकून बघितलं, वरण गोड झालं. गोड टोमॅटो. कुणाला सांगावं हे?

आत जायला दारं दोन. पहिलं उघडायचं, आत शिरायचं, मागं लावायचं. मग जांभळ्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, मगच दुसरं उघडायचं. दोन्ही एका वक्ताला उघडी ठेवायची न्हाईत. सासुरवाडीतबी मी इतके पाय धुतले न्हाईत.

आन मग मार्गशीर्षातली अवस, आपली येळवस आली. तुम्हाला काय सांगायचं? त्या अवसेला आपल्याकडं गावात कुत्रं राहत न्हाई, समदी माणसं रानात. कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव, बाजरीचे उंडे, दाण्यांची आन पालेभाज्यांची भज्जी, पिकातून शिंपडायची आंबील. आन रस्त्यानं जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. माझे वडील म्हणायचे, "येळवशीला रानाला दार नसतंय." लिंबागणेशाकडं येळवस न्हाईच. मी खोप बांधायला लागलो तर शेजारचा विचारतो, आबा, लगीन हाय का घरात?

भागवत सकाळीच माल घेऊन बीडला गेलता. मी दोन्ही दारांना दगड लावले आन उघडी टाकली. ओलगे ओलगे सालम पोलगे, अशी येळवशीची आरोळी देत ओळीओळीतून आंबील शिंपडली. मग रस्त्यावर उभा राहून हाका मारल्या. दूधवाला आला. मेंढरं घेऊन चाललेल्या धनगराच्या बाया आल्या. त्या बुटक्या झाडांच्या मधी बसून पोटभर जेवल्या. येडशिरी जागा ती, पण त्या दिवशी पहिल्यांदा रान दिसली.

दुपारी भागवत आला. दगड काढले, दारं लावली. पंधरा दिवसांत पानं आकसायला लागली. उघड्या दारातून पांढरी माशी आत शिरली होती, तिनं रोग आणला. समदं पीक उपटावं लागलं. त्यानं एकट्यानं उपटलं, मला हात लावू दिला न्हाई. आन बाहेरच्या दाराला कुलूप घातलं.

मी विचारलं, "कुलूप कुणासाठी बे?"

"माशीसाठी, आबा."

"माशीला किल्ली लागती व्हय?"

त्यानं किल्ली खिशात घातली. मी मागितली न्हाई. चूक माझी होती, मला कळतंय. दार लावत जा म्हणला असता तर लावलं असतं. पण कुलूप घातलं की बाप पावणा होतो. वर्षभर मी त्या दारात पाय ठेवला न्हाई.

पुढच्या येळवशीला बिंदगं भरलं आन मांजरसुंब्यावरून एसटीनं गावाकडं गेलो. तलावाच्या बांधावर पाच दगड मांडले. हाक मारायला रस्ता बघितला, तर तोबी पाण्याखाली. राहिलेल्यांची येळवस पल्याडच्या माळावर, माझी हाक तिकडं पोचंना. जन्मात पहिल्यांदा येळवस एकट्यानं खाल्ली. माझ्या रानावर उभ्या पाण्यात आंबील ओतली. जराशी पांढरी दिसली, मग तीबी दिसंना. ज्यांनी ते पाणी अडवलं त्यांना मी तिथं बसून काय काय म्हणलो ते लिहीत न्हाई, लेकीबाळी वाचतात.

दिवस मावळताना परत आलो. पॉलीहाऊसच्या पहिल्या दाराबाहेर, जुन्या जाळीच्या तुकड्याखाली पाच दगड. चुना लावलेले. रुक्मिण म्हणाली, "ह्यांनी मांडलेत, आबा. धनगराच्या बाया जेवून गेल्या. म्हातारबा कुठं गेले, विचारत होत्या." भागवत तिथंच नळी गुंडाळत होता. वर बघितलं न्हाई त्यानं. घरात गेलो तर किल्ली माझ्या घोंगडीवर.

राग गेला का? न्हाई. तलावावरचा मरेस्तवर जायचा न्हाई, पोरावरचा थोडा ठेवलाय. पण विचारणारी माणसं जिथं, तिथंच आता बिंदगं ठेवायचं, एवढं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, कुलूप काढलं. पहिलं दार मागं लावलं, पाय बुडवले, मग दुसरं उघडलं. उंबऱ्यातच होतो, तेवढ्यात मागून भागवतनं पहिलं दार ढकललं.

"थांब बे," म्हणलं. "दिसत न्हाई का, हे उघडं हाय? ते लाव आदी. पाय बुडव. मग ये."