भोंग्याचा सूर

नागपूरला लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो, तेव्हा डावीकडचा जोडीदार मला सारखा कोपरानं ढोसायचा. "ओठ ढिला सोड गा, चढून राहिला तू." खालचा ओठ दातांवर घेऊन क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पत्तीला नुसता टेकवायचा असतो. मी चावायचो, की सूर चढलाच. चूक माझीच, पण त्याच्या कोपराचा संताप यायचा.

पुढं खापरखेड्याच्या पॉवर हाऊसात नोकरी लागली आणि बँड सुटला. क्वार्टरमध्ये मी एकटाच. दुसरं वाद्य नाही, म्हणून दुपारच्या पाळीच्या भोंग्याशी सूर मिळवायचो. एकदा आठवडाभर तो जुळेना. भोंगाच उतरलाय म्हणत मी तो वाजवणाऱ्याशी भांडायला गेलो. तो हसला. "भोंगा कायले उतरन गा? तूच चढला असशीन. तुले सांगणारं कोनी नसन."

दुसऱ्या दिवशी जबडा सैल सोडला. सूर खाली आला आणि भोंग्यात असा मिसळला, की वेगळा ऐकूच येईना.

भोंगा थांबला. मग मी मुद्दाम ओठ चावून सूर चढवला, आणि डाव्या कुशीत कोपर बसायची वाट पाहत वाजवत राहिलो.