कुलूप कोणी काढलं

हमरापूरच्या एका मूर्तींच्या कारखान्यात एक कारागीर गणपतींचे डोळे आखतात. पेणची एसटी येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसतो. डोळा आखताना ते श्वास रोखून धरतात, त्यामुळे त्यांचं बोलणं एक डोळा संपल्यावर आणि दुसरा सुरू होण्याआधी, तेवढ्यातच होतं.

एकदा मी त्यांना मोबाइलवर एक जुना रहस्यपट दाखवला. वेडी ठरवून खोलीत कोंडलेली मालकीण एका सकाळी नाहीशी होते. बाहेरचं कुलूप कोणी काढलं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. यावरून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन माणसं तोडली आहेत.

"मोलकरणीनं," डावा डोळा पुरा करून ते म्हणाले. "दार उघडं दिसल्यावर सगळी दाराकडं बघतात. ती एकटी बघत नाय. तिला म्हायतीच हाय ना."

घरी जाऊन मी तो प्रसंग चार वेळा पाहिला. ती खरंच बघत नाही.

परवा कारखान्यात शिरताना माझ्या पिशवीचा धक्का लागून एका मूर्तीचं बोट तुटलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मी गुपचूप स्टुलावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने रंगकाम करणाऱ्या बाईंना ते दिसलं. त्या ओरडल्या तसे सगळे मूर्तीभोवती जमले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

त्यांनी हातातला डोळा पुरा केला आणि श्वास सोडला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी पण बघा की जरा तिकडं."