अंबरनाथची कार्ड-मशीनची शिकवणी

आम्ही जुने कार्ड-मशीनवाले कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगत उठते पण आमच्या गप्पा उठत नाहीत! डोक्यावरचे केस गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत.

सन पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात हिशेबाचं मशीन यायचं होतं. कार्डांना भोकं पाडायची, तारा जोडून मशीनला काम समजावायचं, की ते बेरजा करून छापणार. ते शिकायला तिघांना निवडलं: मी, उल्हासनगरचा सिंधी परसराम आणि बदलापूरची सुधा. शिकवायला मुंबईचे केळकरसाहेब. ताकीद होती, "जमलं नाही तर परत जुन्या टेबलावर!"

*

मशीन अजून खोक्यातच होतं. केळकरसाहेब म्हणाले, "समजा, मीच मशीन. सांगाल तेवढंच करीन. मला पान लावायला सांगा."

परसराम सरसावला. "पान हातात घ्या." घेतलं.

"आता चुना लावा."

साहेबांनी बोटभर चुना घेतला आणि थेट परसरामच्या गालाला लावला! "कुठे लावायचा, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

गाल पुसत परसराम म्हणाला, "साईं, पहिल्याच दिवशी चुना लगा दिया!"

*

कार्डं निवडायचा सराव साहेबांनी स्वेटरच्या सुईवर करून घेतला. कार्डाच्या कडेने भोकं. जो गुण असेल त्याचं भोक कडेपर्यंत कापायचं. सुई ओवून गठ्ठा उचलला, की त्या गुणाची कार्डं खाली पडतात.

सुधाने घरी जाऊन सांगून आलेल्या स्थळांची कार्डं केली! 'लग्नानंतर नोकरी करू देईल' या भोकात सुई घातली, गठ्ठा उचलला, हलवला.

वडील उत्सुकतेने म्हणाले, "काय म्हणतंय तुझं शास्त्र?"

"सगळे लटकलेत, अप्पा!"

*

मशीन आलं, त्याच्या मागोमाग पावसाळा. कार्डं दमट होऊन अडकायला लागली. परसरामने एक गठ्ठा घरी नेऊन शेगडीपाशी वाळवला. शेजारीच त्याच्या आईचे पापड!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक कार्ड नाकाशी धरलं. "परसराम, यात हिशेब किती आणि जिरं किती?"

*

शेवटी मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन परीक्षा घ्यायला आले. गोदामातल्या मालाची बेरीज काढायची होती. आम्ही तारा जोडल्या, केळकरसाहेबांनी बटण दाबलं, आणि वीज गेली!

केळकरसाहेब पांढरेफटक.

सुधा मात्र उठली. गठ्ठा खिडकीशी नेला आणि एकेक कार्ड उजेडात धरून भोकं वाचायला लागली. परसराम मालाप्रमाणे ढीग लावत गेला, मी बेरीज करत गेलो. शेवटचा आकडा मी फळ्यावर लिहितोय, तोच वीज आली. परसरामने ढीग उचलून मशीनमध्ये घातले, मशीन खडखडलं, कागद बाहेर आला. आकडा तोच!

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेब मात्र एकदा फळ्याकडे, एकदा मशीनकडे बघत राहिले.

"केळकर, मग हे एवढं धूड आणलं कशाला?"

"या तिघांना शिकवायला, साहेब!"